कोणाला पटलं? : ‘कन्व्हिन्सिंगली’ या शब्दाच्या निमित्ताने

भाषांतरं तपासायला बसलं की एक वाक्य हटकून समोर येतं. मूळ इंग्रजीत म्हटलेलं असतं की वकिलांनी आपली बाजू ‘कन्व्हिन्सिंगली’ मांडली. मराठीत ते उतरतं असं: ‘वकिलांनी आपली बाजू खात्रीपूर्वक मांडली.’ वाक्य व्याकरणात बसतं, वाचताना अडखळायला होत नाही, म्हणून कोणी थांबत नाही. अर्थ मात्र या बाजूचा त्या बाजूला गेलेला असतो. मूळ वाक्यात खात्री पटायची ती ऐकणाऱ्याची. मराठी वाक्यात खात्री आहे ती बोलणाऱ्याची. स्वतःची पुरेपूर खात्री असलेला माणूस दुसऱ्याला पटेल असं बोलतोच असं नाही, हे घरात आणि कचेरीत आपण रोज पाहतो. उलट, ज्याची स्वतःची मुळीच खात्री नाही असा माणूस कधीकधी इतकं पटण्याजोगं बोलतो की ऐकणारा उठून त्याच्या मागे चालू लागतो.

इंग्रजी क्रियाविशेषणं मराठीत आणताना काय काय निसटतं, हा या पुस्तिकेचा विषय आहे. तिची प्रस्तावना मी एकाच शब्दाभोवती लिहितो आहे, कारण बाकीच्या शब्दांबद्दल जे सांगायचं ते या एका शब्दात भेटतं. शिवाय हा शब्द मन वळवण्याच्या व्यवहाराचा आहे, आणि त्या व्यवहारासाठी मराठीपाशी जी शब्दसंपत्ती आहे ती इतकी मोठी आहे की ‘खात्रीपूर्वक’ आणि ‘प्रभावीपणे’ या दोन शब्दांवर आपण भागवावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आधी शब्दाच्या मुळाकडे जाऊ. ‘कन्व्हिन्स’ हे क्रियापद सोळाव्या शतकात लॅटिनमधून इंग्रजीत आलं. लॅटिनमध्ये ‘विन्केरे’ म्हणजे जिंकणं, आणि ‘कॉन’ हा उपसर्ग इथे ‘पूर्णपणे’ हा अर्थ देतो. म्हणजे मुळात हा शब्द रणांगणावरचा. ‘व्हिक्टरी’ त्याच घरातला, आणि गुन्हा शाबीत झालेल्या माणसाला लावतात तो ‘कन्व्हिक्ट’ हा शब्दही त्याचा सख्खा भाऊ. सुरुवातीच्या इंग्रजीत ‘कन्व्हिन्स’चा अर्थ वादात पाडाव करणं किंवा दोष सिद्ध करणं असाच होता. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात, येशू समोरच्यांना विचारतो की तुमच्यातला कोण माझ्यावर पाप शाबीत करतो. तिथे क्रियापद आहे ‘कन्व्हिन्स’. पुढच्या काळातल्या इंग्रजी भाषांतरांनी तिथे ‘कन्व्हिक्ट’ घातलं, कारण तोवर जुना अर्थ वाचकाला अनोळखी झाला होता. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये राजाच्या शयनगृहावरच्या दोन सेवकांना मद्य पाजून आडवं करायचा बेत लेडी मॅकबेथ सांगते, तेव्हाही ती हेच क्रियापद वापरते. त्या सेवकांना काही पटवून द्यायचं नाही, त्यांना नुसतं लोळवायचं आहे.

आता त्याच्या शेजारचा शब्द पाहा. ‘परस्वेड’ हाही लॅटिनचाच, ‘सुआदेरे’ म्हणजे सल्ला देणं, आग्रह करणं यावरून आलेला. या क्रियापदाचं नातं ‘सुआविस’ म्हणजे गोड, सुखद या शब्दाशी लावतात, आणि तिथून ते आपल्या ‘स्वादु’पर्यंत आणि इंग्रजीतल्या ‘स्वीट’पर्यंत पोचतं. एका शब्दात तलवार आहे, दुसऱ्यात गूळ. मराठीत आपण ‘गोडीगुलाबीने’ म्हणतो तेव्हा नकळत त्याच जुन्या कल्पनेला हात लावतो. ‘कोजंटली’ आणि ‘कम्पेलिंगली’ हे आणखी दोन शेजारी. दोघांच्याही मुळाशी हाकण्याची क्रिया आहे, गुरं एका जागी हाकत आणावीत तशी. मुद्देसूद बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला एकेक वाट बंद करत शेवटी एकाच दाराशी आणून सोडतो, हे चित्र त्या शब्दांत दडलेलं आहे.

जिंकणं, गोड बोलून वळवणं आणि हाकत नेणं, या तीन क्रिया वेगळ्या आहेत. जिंकणं आणि पटवून देणं एक नव्हे, हे आपल्याकडच्या न्यायशास्त्रानेही फार पूर्वी ओळखलं होतं. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार मानले: तत्त्व कळावं म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त मोडून काढायची ती वितंडा. जल्पात समोरचा निरुत्तर होतो. त्याला पटलेलं असतंच असं नाही. ‘निरुत्तर करणं’ आणि ‘पटवून देणं’ यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, पण इंग्रजी वाक्य समोर आलं की तो हा फरक विसरतो.

‘कन्व्हिन्स’ आणि ‘परस्वेड’ यांच्यातला फरक इंग्रजीचे जुने व्याकरणकार आग्रहाने सांगत आले. ‘कन्व्हिन्स’ विचाराबद्दल, ‘परस्वेड’ कृतीबद्दल. एखादी गोष्ट खरी आहे याबद्दल माणसाला कन्व्हिन्स करायचं, आणि ती करायला परस्वेड करायचं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून, विशेषतः अमेरिकेत, ‘कन्व्हिन्स’ हे क्रियापदही कृतीसाठी सर्रास वापरलं जाऊ लागलं आणि ती सीमारेषा पुसट झाली. तरी क्रियाविशेषणांत ती अजून जाणवते. शास्त्रज्ञ एखादी गोष्ट ‘कन्व्हिन्सिंगली’ दाखवून देतो. तिथे ‘परस्वेसिव्हली’ घातलं तर पुराव्यापेक्षा त्याच्या वक्तृत्वाचंच कौतुक केल्यासारखं वाटतं. ‘परस्वेसिव्हली’ बोलण्याच्या रीतीकडे बोट दाखवतं, ‘कन्व्हिन्सिंगली’ त्या बोलण्याच्या वजनाकडे.

हा फरक मराठीत सांगायला मला कधीच व्याकरणाचं पुस्तक लागलं नाही. आपल्याकडे एक म्हण पुरते: कळतं पण वळत नाही. कळलं म्हणजे ‘कन्व्हिन्स’ झाला, वळला म्हणजे ‘परस्वेड’ झाला. तंबाखू सोडायला हवी हे ज्याला सोळा आणे पटलेलं आहे आणि तरी ज्याचा हात खिशातल्या चंचीकडे जातो, तो माणूस या दोन शब्दांच्या बरोबर मध्ये उभा आहे. इंग्रजी व्याकरणकारांना ज्यासाठी परिच्छेद लिहावे लागले, ते मराठी आईने मुलाला चार शब्दांत सांगितलं.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण एका चित्रपटात आहे. सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ 1957 सालचा. बासू चटर्जींनी त्यावरून 1986 मध्ये हिंदीत ‘एक रुका हुआ फैसला’ केला, आणि आपल्याकडे अनेकांनी तोच आधी पाहिला. एका खोलीत बारा ज्यूरी, एका तरुणावर बापाच्या खुनाचा आरोप, पहिल्या मतमोजणीत अकरा जण ‘दोषी’ म्हणतात आणि एकटा आठवा ज्यूरी ‘दोषी नाही’ म्हणतो. मुलगा निर्दोष आहे असं तो छातीवर हात ठेवून सांगत नाही. मला शंका आहे, आपण बोलू या, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्यापाशी ‘खात्रीपूर्वक’ मांडण्यासारखं काहीच नाही. तरी त्या दुपारी त्या खोलीत सर्वांत ‘कन्व्हिन्सिंगली’ बोलतो तो तोच.

आता बाकीचे कसे वळतात ते बघावं. चौथा ज्यूरी थंड डोक्याचा, शेअर दलाल. तो भावनेला बधत नाही, आठवणीतल्या चुकांनाही फारसा नाही. साक्षीदार बाईच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याच्या खुणा होत्या, हे म्हाताऱ्या नवव्या ज्यूरीच्या ध्यानात येतं. झोपायला गेलेली बाई चष्मा घालून नसणार, मग समोरच्या इमारतीतला खून तिने नीट पाहिला कसा? इथे चौथ्याला पटतं. तो शब्द न वाढवता आपलं मत बदलतो. हे ‘कन्व्हिन्सिंगली’चं शुद्ध रूप. सातव्याचं मात्र वेगळं. त्याच्या खिशात त्या संध्याकाळच्या बेसबॉल सामन्याची तिकिटं आहेत. चर्चा लांबते म्हणून कंटाळून तो बाजू बदलतो, आणि घड्याळं बनवणारा अकरावा ज्यूरी त्याला तिथल्या तिथे अडवतो: तुला पटलं म्हणून बदललंस की सुटका हवी म्हणून? बारा मतं एक झाली की निकाल लागतो, पण बाराही जणांना एकाच रीतीने पटलेलं नसतं. ‘त्याने सर्वांना पटवून दिलं’ असं मराठीत एका वाक्यात लिहून टाकलं की हा सगळा भेद गेला.

आणि मराठीत त्या वाक्यातही एक खाच आहे. ‘पटवून दिलं’ हे सभ्य. ‘पटवलं’ हे नाही. साहेबाला पटवलं, मुलीला पटवलं, गिऱ्हाईक पटवलं, यात कुठेतरी हातचलाखी आहे, लाघव आहे, स्वार्थ आहे. ‘वकिलांनी न्यायाधीशांना पटवलं’ असं लिहिणारा भाषांतरकार नकळत न्यायालयाचा अवमान करतो. एका ‘देणं’ या साहाय्यक क्रियापदाने शब्दाची अब्रू राखलेली आहे. ‘देणं’ जोडलं की बोलणारा काहीतरी देतो आहे, घेत नाही, असा भाव येतो. एवढी सूक्ष्म सोय इंग्रजीत या जागी नाही, आणि आपल्याकडे आहे हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

कायद्याच्या भाषेत हे शब्द आणखी काटेकोर होतात. अमेरिकेत दिवाणी दाव्यात साधारणपणे एका बाजूचं पारडं किंचित झुकलं तरी पुरतं. फौजदारी खटल्यात वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. या दोहोंच्या मध्ये एक पायरी आहे, पुरावा ‘क्लिअर अँड कन्व्हिन्सिंग’ असला पाहिजे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध मनोरुग्णालयात बेमुदत ठेवायचं तर निदान एवढा पुरावा लागेल, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये अ‍ॅडिंग्टन विरुद्ध टेक्सास या खटल्यात ठरवलं. एका विशेषणावर एका माणसाचं स्वातंत्र्य टांगलेलं आहे. भाषांतरकाराने तिथे ‘स्पष्ट व प्रभावी पुरावा’ लिहिलं तर चालेल का? प्रभावी तर भाषणही असतं.

आपल्या न्यायव्यवस्थेत ‘परस्वेसिव्ह’ शब्दाला असाच नेमका अर्थ आहे. राज्यघटनेच्या कलम 141 प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या खालच्या न्यायालयांना पाळावा लागतो, पण मद्रास उच्च न्यायालयापुढे तोच निकाल फक्त ‘परस्वेसिव्ह’. म्हणजे त्याचा मान राखायचा, त्यातला विचार तोलून पाहायचा, पटला तर स्वीकारायचा. न पटला तर बाजूला ठेवायची मोकळीक आहे. लंडनच्या न्यायालयांचे निकाल आज आपल्याकडे याच नात्याने येतात. सक्ती संपते तिथून पुढे मन वळवण्याचं काम सुरू होतं, हा त्या शब्दाचा गाभा, आणि तो कोर्टाबाहेरही खरा आहे.

क्रियाविशेषणाचं खरं रूप मात्र ते कोणत्या क्रियापदाशेजारी बसतं त्यावर ठरतं, आणि इथे ‘कन्व्हिन्सिंगली’ भाषांतरकाराची परीक्षा घेतो.

खेळाच्या पानावर संघ ‘कन्व्हिन्सिंगली’ जिंकतो. 2 नोव्हेंबर 2023 रोजी वानखेडेवर भारताने 8 बाद 357 धावा केल्या आणि श्रीलंकेचा डाव 55 धावांत गुंडाळून सामना 302 धावांनी जिंकला. इंग्रजी वार्ताहर अशा विजयाला डोळे झाकून हे क्रियाविशेषण लावेल. तिथे कोणी कोणाला काही पटवलेलं नाही. शब्द आपल्या जुन्या घरी, विन्केरेच्या रणांगणावर परत गेलेला आहे. निकालाबद्दल पाहणाऱ्याच्या मनात शंका उरली नाही, एवढाच अर्थ. मराठी वार्ताहर इथे चुकत नाही. तो ‘दणदणीत विजय’ लिहितो, कारण तो भाषांतर करत नसतो, सामना पाहून लिहीत असतो. उरलेल्या ठिकाणीही आपण तसंच लिहावं, एवढंच माझं मागणं आहे.

माणूस ‘कन्व्हिन्सिंगली’ खोटं बोलतो, तेव्हा? ‘प्रभावीपणे खोटं बोलला’ हे मी छापलेलं वाचलं आहे. त्या जागी मराठीत ‘बेमालूम’ हा शब्द वाट पाहत उभा असतो. बेमालूम म्हणजे कळून येणार नाही असं. शिंपी रफू बेमालूम करतो, चोर कुलूप बेमालूम उघडतो, खोटं बेमालूम बोललं जातं. इंग्रजी शब्द ऐकणाऱ्याच्या विश्वासाकडे पाहतो, मराठी शब्द न दिसणाऱ्या सांध्याकडे पाहतो, आणि दोघे एकाच जागी पोचतात.

नट ‘कन्व्हिन्सिंगली’ भूमिका करतो. मराठीत भूमिका वठते. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांविषयी इंग्रजीत लिहिणारा हे क्रियाविशेषण वापरेल, पण मराठीत ‘त्यांनी स्त्रीभूमिका पटण्याजोग्या केल्या’ असं लिहिलं तर ते सर्टिफिकेट दिल्यासारखं होईल. वठणं या क्रियापदात क्रियाविशेषण आधीच विरघळलेलं आहे. ‘भूमिका वठली’ म्हटलं की वेगळं काही जोडायला नको. फार तर ‘हुबेहूब’. मराठीची ही खोड आहे. इंग्रजी जे काम क्रियाविशेषणावर टाकते, ते मराठी पुष्कळदा क्रियापदाकडूनच करून घेते. मुद्दा मनावर ठसतो, विचार मनात बिंबतो, गोष्ट गळी उतरते, ओळख पटते, सौदा पटतो. इंग्रजीतलं ‘ली’ शेपूट दिसलं की मराठीत ‘पणे’ किंवा ‘रीत्या’ जोडायचं, या सवयीने आपलं गद्य जड झालं आहे. ‘ली’ हा प्रत्यय मुळात जुन्या इंग्रजीतल्या देह, आकार या अर्थाच्या शब्दावरून आला. ‘पणे’ला तो देह नाही, ती चिकटवलेली पट्टी वाटते.

‘ठासून’ आणि ‘ठामपणे’ यांचीही इथेच दखल घेतो, कारण वक्तृत्व स्पर्धांच्या परीक्षकांपासून मुलाखत घेणाऱ्यांपर्यंत सगळीकडे ते ‘कन्व्हिन्सिंगली’च्या जागी बसवलेले दिसतात. ठासून बोलणं म्हणजे जोर देऊन बोलणं. त्यात बोलणाऱ्याचा घसा आहे, ऐकणाऱ्याचं मन नाही. शाळेतल्या मुलाला ‘ठासून बोल’ असं सांगत राहिलं तर त्याला पटवून देण्याची कला येत नाही, नुसता आवाज येतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मराठीत ‘पटणं’ हे क्रियापद चतुर्थीने चालतं: मला पटलं, तिला पटलं, त्यांना पटलं नाही. वाक्यात माणूस कर्त्याच्या जागी नाही, त्याला काहीतरी येऊन पोचतं आहे. भूक लागते, आठवण येते, तसंच पटतं. मी ठरवून पटवून घेऊ शकत नाही. घेतलं तर ते ‘मनाची समजूत घालणं’ होतं, आणि ती वेगळी गोष्ट आहे हे मराठी माणूस जाणतो. या रचनेत ऐकणारा नेहमी वाक्यात हजर असतो. इंग्रजी क्रियाविशेषणात तो हजर नसतो. ‘ती कन्व्हिन्सिंगली बोलली’ या वाक्यात ज्याला पटलं त्याचा पत्ताच नाही. निवाडा दिला आहे तो लेखकाने, कडेला उभं राहून. म्हणूनच इंग्रजीत असंही लिहिता येतं की ती फार ‘परस्वेसिव्हली’ बोलली, पण समितीचं मत बदललं नाही. बोलण्याची रीत चांगली होती हे लेखकाचं मत, फळ आलं नाही ही हकिगत. दोन्ही शेजारी सुखाने नांदतात. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्राविषयी असंच म्हटलं होतं: हमखास मन वळवणं हे या विद्येचं काम नाही, तर प्रत्येक प्रसंगी मन वळवण्याची कोणती साधनं हाताशी आहेत ते ओळखणं हे आहे, जसं प्रत्येक रोगी बरा करणं हे वैद्यकाचं वचन नसतं.

म्हणून ‘कन्व्हिन्सिंगली’ दिसला की मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला लावतो: कोणाला पटलं? समोर बसलेल्या न्यायाधीशाला पटलं असेल तर ‘न्यायाधीशांना पटेल अशी बाजू मांडली’. कोणाला पटलं हे माहीतच नसेल आणि लेखक आपलं मत देत असेल तर ‘पटण्याजोगं’, ‘सप्रमाण’, ‘मुद्देसूद’ यांतलं प्रसंगाला शोभेल ते. कोणालाच काही पटायचं नसेल, फक्त शंका उरली नसेल, तर ‘निर्विवाद’ किंवा ‘दणदणीत’. फसवणूक असेल तर ‘बेमालूम’. हा प्रश्न विचारला की एका इंग्रजी शब्दाला चार-पाच मराठी शब्द सुचू लागतात आणि त्यांतला प्रत्येक आपापल्या जागी नेमका बसतो. शब्दकोश ही मदत करू शकत नाही, कारण शब्दकोशात ऐकणारा नसतो. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या 1847 च्या इंग्रजी-मराठी कोशापासून आजपर्यंतच्या कोशांचं ऋण मी मानतो, पण कोश उघडण्याआधी वाक्यातली माणसं मोजावीत असं माझं मत आहे.

पुढच्या पानांत अशी शंभराहून जास्त क्रियाविशेषणं आहेत. प्रत्येकाखाली मी दिलेले पर्याय सोबत ठेवून स्वतःची वाक्यं बनवून पाहा. ती घरातल्या कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्या माणसाला ती मराठी वाटली नाहीत तर माझा पर्याय खोडून तुमचा लिहा. समासात जागा त्यासाठीच सोडलेली आहे.